उसाची नळी

देवासच्या मराठा घराला शाकाहारी जावई मिळाला की सांत्वनाला कोण कोण येते, हे मला आता पाठ झाले आहे. आधी शेजारी येतात, मग नातेवाईक. पण मनापासून हळहळतो तो मटणवालाच. "अंडा भी नहीं?" त्याने विचारले. मी मान हलवली. त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाला, "लड़का बाकी ठीक है ना?"

लडका बाकी फारच ठीक आहे. पुण्याचा, चांगल्या नोकरीतला, निर्व्यसनी, आणि सासऱ्याचा जुना किस्सा दर वेळी नव्याने ऐकणारा. धारच्या आमच्या साडूभाऊंच्या मते हीच तर अडचण आहे. "दारू नाही, मटण नाही, राग येत नाही. असला जावई रुसणार कशावर, आणि आपण त्याची समजूत काढणार कशी?"

आमच्याकडे जावयाचा मान वजनकाट्यावर मोजतात. दिवाळसणाला, पाडव्याच्या दुपारी, ताटात मधोमध काय आले आणि किती आले, यावर सासरची अब्रू ठरते. माझ्या दिवाळसणाला धारला सासरेबुवा स्वतः पातेले घेऊन माझ्या पाटासमोर बसले होते आणि मी ताटावर आडवा हात धरला की हातावर वाढत होते. शाकाहारी ताटात मधोमध ठेवायचे काय, इथे आमचे घोडे अडले.

बायको म्हणाली, "पुरणपोळी करू."

तिची थोरली बहीण, म्हणजे धारच्या अक्का, फोनवरून कडाडल्या, "पुरणपोळी पोळ्याला बैलालासुद्धा घालतो आपण. बैलाला आणि जावयाला एकच पान?"

भरली वांगी वहिनींनी नाकारली. जावयाला वांगे वाढणे म्हणजे त्याला भाडेकरू समजणे. पनीर आता चौकातल्या गाडीवरही मिळते, तेव्हा त्यात कसला मान? दाल-बाफल्यांचा विषय मी काढला. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, मग तुपात बुडवायचे. माळव्यात मेजवानी म्हणजे हेच. पण बाफले खाऊन उठलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. खाणारा जागीच कलंडतो. जावईबापूंना परतीची गाडी गाठायची होती.

अशा वेळी लेकीचा फोन आला. "आई, व्हेज रोस्ट कर ना. यांना फार आवडेल."

"यांना आवडेल" म्हटल्यावर आमच्या घरातली चर्चा संपते. लेकीने सगळे समजावून सांगितले. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की नावाचा पक्षी अख्खा भाजतात. ज्यांना पक्षी चालत नाही, त्यांनी त्या दिवशी काय करावे? तर ओरेगॉनमधल्या एका कंपनीने १९९५ साली टोफूचा गोळा बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले टोफर्की. तो भाजायचा, टेबलावर मधोमध ठेवायचा आणि सुरीने कापून सगळ्यांना वाटायचा. इंग्लंडातले शाकाहारी तर त्याच्याही आधीपासून नाताळात दाणे-आक्रोडाचा गोळा भाजत आले आहेत.

बायकोने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे कोहळाच की!"

ती बरोबर होती. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की कित्येक घरांत बोकडाऐवजी कोहळा ठेवतात. त्याला हळदकुंकू लावतात, आणि घरातला कर्ता पुरुष तलवारीच्या एका घावात त्याचे दोन तुकडे करतो. (आमच्याकडे कर्ता पुरुष मी. घाव एक नसतो.) साक्षात देवी कोहळ्याला बोकड मानून घेते आणि वर प्रसन्नही होते, तर पुण्याच्या जावयाने का मानू नये? हा मुद्दा एवढा बिनतोड निघाला की रोस्ट एकमताने मंजूर झाला. आमच्या घराण्यातले हे एकमत साधारण दहा मिनिटे टिकले.

ते का फुटले, हे कळायला देवास माहीत पाहिजे. १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी हा मुलूख मिळवला आणि पुढे आपसांत वाटून घेतला. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एकाचा कारभार, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची आणि दिव्यांची सोयही वेगवेगळी. टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून इथे आले. हा सगळा प्रकार पाहून ते इतके चक्रावले की त्यावर पुढे १९५३ साली त्यांनी 'द हिल ऑफ देवी' नावाचे पुस्तकच लिहिले. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. आमचे दादा-वहिनी रस्त्याच्या त्या बाजूला राहतात आणि आम्ही या बाजूला. आमच्या दोन स्वयंपाकघरांचे विलीनीकरण अजून व्हायचे आहे.

वहिनींनी निरोप धाडला की रोस्टला काळा मसाला थोरल्या घरचा पडेल. बायकोने कळवले की जावई धाकट्या घरचा आहे. त्यावर दादा स्वतः रस्ता ओलांडून आले. ते रस्ता ओलांडतात तेव्हा प्रकरण गंभीर असते. तासभर वाटाघाटी होऊन तह झाला: रोस्ट एक, पण त्याची डावी बाजू थोरल्यांची आणि उजवी धाकट्यांची. दोन्ही बाजूंचे मसाले वेगळे, मीठ वेगळे. मधली रेघ मी आखायची आणि ती कोणाकडे झुकली तर त्याचे खापर माझ्या माथी.

धारकरांना हे कळले तेव्हा अक्का दुसऱ्याच दिवशी साडूभाऊंना घेऊन हजर झाल्या. धार आणि देवास, दोन्हीकडे पवारच. इंग्रजांनी धारला पंधरा तोफांची सलामी दिली, देवासच्या दोन्ही पात्यांनाही पंधरा-पंधरा दिल्या; पण अक्कांच्या हिशेबात देवासच्या पंधरा म्हणजे साडेसात अधिक साडेसात. कोणताही वाद आला की त्या दुसरा बाजीराव पेशवा धारच्या किल्ल्यात जन्मल्याचे सांगतात. "पळपुटा तुमच्याकडचाच, ते ठाऊक आहे," दादा म्हणाले. अक्कांनी मग मांडू काढले.

मांडू धार जिल्ह्यात आहे, त्यामुळे अक्का त्याला माहेरची मालमत्ता समजतात. पाचशे वर्षांपूर्वी तिथला सुलतान गियासुद्दीन याने राज्यकारभार मुलावर सोपवला आणि स्वतः खाण्यापिण्यात लक्ष घातले. त्याने आपल्या पाककृतींचा ग्रंथ लिहवून घेतला, तो 'निमतनामा'. त्यात चित्रे आहेत, सामोसे आहेत, खीर आहे, अत्तरे आहेत, आणि भाजलेल्या मांसाला तर तोटा नाही. मूळ पोथी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अक्कांचा एकूण सूर असा की ती पोथी त्यांनीच वाचायला दिली होती आणि साहेबाने परत केली नाही.

"त्यात शाकाहारी रोस्ट आहे?" वहिनींनी विचारले.

"सुलतानाला असली वेळ आली नव्हती," अक्का म्हणाल्या.

आता प्रत्यक्ष कामाला लागणे भाग होते. लेकीच्या कृतीत पहिले वाक्य होते, गव्हाच्या ग्लुटेनचा गोळा घ्या. तो देवासात मिळेना, तेव्हा फोनवर तोडगा निघाला. कणीक मळायची, पाण्यात बुडवायची आणि पाणी बदलत धूत राहायची. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात उरतो तो चिवट गोळा. चीनमधले बौद्ध भिक्षू मांसाऐवजी हाच खात आले आहेत.

बायको धुता धुता थांबली. "अगं, कुरडयांना आपण गव्हाचा चीक ठेवतो आणि चोथा गुरांना घालतो. इथे चीक ओतून द्यायचा आणि चिवट ते जावयाला?"

बैल या चर्चेत दुसऱ्यांदा आला होता. मी विषय सोयाबीनकडे वळवला.

सोयाबीनबाबत आम्हाला कोणी शिकवू नये. देवास, धार, उज्जैन, इंदूर, सगळ्या काळ्या जमिनीवर पावसाळ्यात तेच उभे असते. इंदूरला १९८७ पासून सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. दिवाळीच्या सुमारास मंडीत त्याचे ढीग लागतात आणि भावावरून शेतकऱ्यांच्या कपाळाला आठ्या. तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरते, ते यंत्रात तापवून दाबाने बाहेर ढकलले की त्याला मांसासारखे धागे सुटतात; तीच सोयाबीनची वडी. म्हणजे जगभरच्या शाकाहारी रोस्टांचा कच्चा माल आमच्या बांधावर पिकतो, आणि आम्ही मात्र त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांनी बोकड आणतो.

वड्या भिजवल्या, पिळल्या, वाटल्या. पण गोळा धरायला आणखी काहीतरी हवे होते. दादांनी गराडू सुचवला. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती आणि हंगामातला पहिला गराडू बाजारात आला होता. महाराष्ट्रात ज्याला कोनफळ म्हणतात, त्याचाच हा पांढरा माळवी भाऊबंद. इंदूरच्या सराफ्यात थंडीच्या रात्री त्याचे तुकडे खरपूस तळून, वर जिरावन भुरभुरवून आणि लिंबू पिळून देतात. तो सोलताना हाताला तेल लावायचे असते, कारण कच्च्या गराडूची खाज भयंकर. हे सगळ्यांना माहीत होते. म्हणूनच प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने लावले असेल. पुढचा तासभर थोरली पाती, धाकटी पाती आणि धार, तिन्ही सत्ता एका नळाखाली हात धरून उभ्या होत्या. पवारांच्या इतिहासात एवढी एकजूट पानिपतानंतर झाली नसेल.

आकारावरून पुन्हा फाटले. वहिनींना मांडी हवी होती, बायकोला नुसता लांबट गोल, आणि अक्कांना सुलतानी थाटाचे काहीतरी, म्हणजे नक्की काय ते त्यांनी सांगितले नाही. साडूभाऊ तोवर ओट्याला टेकून गप्प होते. ते म्हणाले, "यात नळी कुठाय?"

"शाकाहारी आहे ते," मी म्हणालो.

"असू दे. पण नळी नाही तर चोखायचं काय? जेवणाला काही हेतू नको?"

ते बाहेर गेले आणि उसाचे एक कांडे घेऊन आले. ते सोलून, तासून, गोळ्याच्या बरोबर मध्ये बसवले. नाही म्हटले तरी कलाकुसर उत्तम होती. माझ्या जुन्या पंचात गुंडाळून गोळा वाफवला. पंचा सोडला तेव्हा त्याची किनार रोस्टवर उमटलेली होती आणि ती, देवाची कृपा, नेमकी दोन पात्यांच्या मधून गेली होती.

आता भाजणे. आमच्याकडे लग्नात आलेला गोल ओव्हन आहे, ॲल्युमिनियमचा, वर काचेचे झाकण. त्यात केक होतो आणि हात लावला तर झिणझिण्या येतात. झाकण रोस्टवर बसेना. ऊस आडवा येत होता. साडूभाऊ ऊस कापू देईनात. तेव्हा ठरले की बेकरीत न्यायचा.

दिवाळीत बेकरीची भट्टी म्हणजे नानकटाईचे राज्य. घरोघरच्या बायका मैदा, तूप, साखर घेऊन रांगेत बसतात आणि आपले तबक आपल्या डोळ्यांसमोर आत गेल्याशिवाय हलत नाहीत. त्या रांगेत मी परात घेऊन उभा राहिलो. बेकरीवाल्याने फडके उचलून पाहिले, पुन्हा झाकले आणि माझ्याकडे पाहिले.

"भाईसाब, ये क्या है?"

"व्हेज है."

"वो तो ठीक, पर है क्या?"

मी म्हणालो, रोस्ट. तो माणूस भला. त्याने परात एका कोपऱ्यात सरकवली. पाऊण तास काही झाले नाही. मग काळ्या मसाल्याने तोंड उघडले. थोरल्या बाजूचा आधी, मागून धाकट्या बाजूचा. दोन्ही मसाले आमच्या आजीच्या हातचे, पन्नास वर्षे बोकडाशिवाय कशालाही न शिवलेले. तो वास भट्टीतून निघाला, रांगेवरून फिरला आणि जिथे कांदासुद्धा न खाणारी मंडळी आपले तबक सांभाळत बसली होती, नेमका तिथे जाऊन स्थिरावला.

"मांस!" एक काकी उठून उभ्या राहिल्या. "भट्टीत मांस आहे!"

मी सांगितले, सोयाबीन आहे. त्यांनी विचारले, मग हाड कुठून आले? मी सांगितले, ऊस आहे. यावर कोणाचाच विश्वास बसेना. हे ऐकताना माझाही डळमळला. शेवटी बेकरीवाल्याने चिमट्याने परात ओढली, भर गर्दीत ती नळी उपसली आणि माझ्या हातात दिली. मी सगळ्यांसमोर ती कडाकडा चावून दाखवली. गरम होती. डोळ्यांत पाणी आले, तेव्हा काकी विरघळल्या आणि त्यांनी मला पाणी दिले; पण आपले तबक घेऊन त्या निघून गेल्या. मागोमाग निम्मी रांग गेली. बेकरीवाल्याने भाजणावळ घेतली नाही. पुन्हा येऊ नका, असे त्याने हात जोडून सांगितले.

नवी नळी घरी बसवली.

पाडव्याला जावईबापू पाटावर बसले. भोवती रांगोळी, बाजूला समई, मधोमध रोस्ट. अक्कांनी ओवाळले. रोस्ट कापायला कोहळ्याचा अनुभव म्हणून मलाच पुढे केले. साडूभाऊंना घास आधी. ते बराच वेळ चावत राहिले. सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत होते.

"मीठ बरोबर," ते म्हणाले. "तिखट बरोबर. मसाला तर फारच बरोबर." मग थोडे थांबून, "बोकड तेवढा कमी आहे."

दादांनी थोरल्या बाजूचे कौतुक केले आणि धाकट्या बाजूला हात लावला नाही. वहिनींचेही तेच. आमच्या बाजूचे मी एकट्याने खाल्ले. भर बाजारात ज्याच्यामुळे मी खाटीक ठरलो, तोच गोळा घरातल्या एकाही मांसाहारी माणसाला फसवू शकला नाही.

जावईबापूंनी मात्र एक तुकडा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तो कसाबसा गिळला, पाणी प्यायले आणि अतिशय नम्रपणे बायकोला म्हणाले, "आई, थोडा वरण-भात मिळेल का?"

"आवडला नाही?"

"तसं नाही. खरं सांगू? मटणाचा वास येतोय असं वाटतंय. मी कधी खाल्लं नाही, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही."

"मग तुम्हाला रोस्ट फार आवडतो ना?"

"मला?" ते चकित झाले. "ही म्हणाली, तुमच्याकडे दिवाळसणाला रोस्ट करायची पद्धत आहे आणि आईला फार हौस आहे. म्हणून मी हो म्हटलं."

सगळ्या माना लेकीकडे वळल्या. तिची दुसरी वाढणी संपत आली होती. डावी बाजू, उजवी बाजू, ती काही भेद करत नव्हती. नळी तिच्या हातात होती, डोळे मिटलेले होते, आणि ती ऊस ज्या पद्धतीने चोखत होती ती पद्धत उसाची नव्हती. लग्न होऊन आठ महिने झाले होते. पुण्याच्या घरात अंडेसुद्धा येत नाही आणि तिने तक्रारीचा शब्द काढला नव्हता.

साडूभाऊंना गहिवरून आले. भाऊबीजेला ते बोकड घेऊनच आले. जावईबापू म्हणाले, "अहो, तिने खाल्लं तर माझी काहीच हरकत नाही. तिने कधी विचारलंच नाही." ते स्वतः अंगणात बसून उरलेला गराडू खात होते, नुसता, तेलात दोनदा तळलेला, वर लिंबू आणि जिरावन. तळायला वीस मिनिटेही लागली नव्हती, आणि त्यांनी तो तीनदा मागून घेतला.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा शाकाहारी जावयाचा पहिला दिवाळसण आहे त्यांना माझे एवढेच सांगणे. कणीक धुवायला घेण्याआधी लेकीला बाजूला घ्या आणि रोस्ट नक्की कोणाला खायचाय ते विचारा. गराडूला हात लावण्याआधी तेल प्रत्येकाने आपापले लावा. आणि एवढे करूनही भट्टीत न्यायची वेळ आलीच, तर नानकटाईची रांग ओसरल्यावर जा आणि नळी थंड होईपर्यंत चावू नका.